पाणथरीतली गाठ: कधी काढायची, किती काढायची, कशी काढायची

कर्तरी

सोनोग्राफी पित्ताशयातल्या खड्यांसाठी केलेली असते आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ निघते: "प्लीहेत ३ सेंमीची गाठ, पुढील तपासणी करावी." प्लीहा म्हणजे आपली पाणथरी. या एका ओळीवरून दोन उलट्या चुका होतात. कुठे नुसत्या भीतीपोटी अख्खी पाणथरी काढून टाकतात, तर कुठे "पाणथरीत कॅन्सर होत नसतो" म्हणून वर्ष-दोन वर्षं त्या गाठीकडे कोणी फिरकत नाही. म्हणून हा धागा काढतोय. क्ष-किरण, पॅथॉलॉजी, रक्तविकार, भूल, बालशल्य अशा सगळ्यांनी आपापली बाजू मांडावी.

आधी गाठ आणि वाढलेली पाणथरी यांतला फरक. निरोगी प्रौढाची पाणथरी साधारण १५० ग्रॅमची, ११-१२ सेंमी लांब, डावीकडे ९ ते ११ क्रमांकाच्या बरगड्यांच्या आड असते. मलेरिया, काळा आजार, थॅलेसेमिया, पोर्टल शिरेतला (आतड्यांचं आणि पाणथरीचं रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेतला) अडथळा यांत ती सरसकट फुगते, आत वेगळी गाठ नसते. तो विषय निराळा. इथे फक्त गाठींबद्दल बोलू.

गाठींचे ढोबळ गट असे:

पाण्याच्या गाठी: जन्मजात एपिडर्मॉइड सिस्ट, मार लागून झालेल्या रक्तगाठीची मागे उरलेली खोटी सिस्ट, आणि हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे होणारी गाठ.

साध्या भरीव गाठी: हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, सगळ्यांत जास्त आढळतो. मग लिम्फॅन्जिओमा (लसिकावाहिन्यांची), हॅमार्टोमा (पाणथरीच्याच गराची), लिटोरल सेल अँजिओमा (आतल्या रक्तपोकळ्यांच्या अस्तराची), आणि २००४ साली स्वतंत्र नाव मिळालेली 'सँट', म्हणजे स्क्लेरोजिंग अँजिओमॅटॉइड नोड्युलर ट्रान्सफॉर्मेशन.

घातक गाठी: लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, सर्वांत जास्त. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या गाठींचे मूळ स्तन, फुप्फुस, अंडाशय, मोठं आतडं, जठर किंवा मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) यांत असतं. पाणथरीच्या रक्तवाहिन्यांतूनच उगवणारा अँजिओसार्कोमा फार विरळा, पण सगळ्यांत वाईट.

शस्त्रक्रियेचा निर्णय तीन प्रश्नांवर ठरतो. गाठ कोणत्या जातीची आहे, ती टोकाला आहे की रक्तवाहिन्या शिरतात त्या नाभीपाशी, आणि तिच्यामुळे रुग्णाला काही त्रास होतोय का. निव्वळ आकारावरून निर्णय घेऊ नये. ४-५ सेंमीच्या वरचा हिमॅन्जिओमा फुटेल म्हणून काढावा असं जुन्या पुस्तकांत असायचं, पण त्याला आधार तोकडा आहे. दुखतंय, वाढतेय, पृष्ठभागावर फुगून आलीय, किंवा प्लेटलेट गिळतेय, अशा गाठीला हात लावावा.

---

करडी_छटा

उत्तम धागा. इमेजिंगमधली एक ठरलेली फसगत आधी सांगते.

सीटीत डाय सोडल्यावर पहिल्या २५-३० सेकंदांत घेतलेल्या चित्रात निरोगी पाणथरीसुद्धा पट्टेरी दिसते, झेब्र्याच्या अंगासारखी. लाल आणि पांढऱ्या गराला रक्त वेगवेगळ्या वेगाने पोचतं, म्हणून हे पट्टे उमटतात. ७० सेकंदांच्या चित्रात ते विरून जातात. केवळ धमनी टप्प्याचं चित्र पाहून "अनेक गाठी" असा रिपोर्ट गेला की पुढचं सगळं चक्र सुरू होतं. म्हणून ७० सेकंदांचं चित्र हवंच, आणि भरीव गाठ असेल तर ५ मिनिटांचं उशिराचंही.

ढोबळ ओळख अशी:

सिस्ट: सीटीवर घनता २० हाउन्सफील्ड एककांच्या खाली, एकसारखी, डाय न घेणारी. त्रास नसेल तर पुढे काही करायचं नाही. भिंतीवर चुन्याची कड किंवा आत पिल्लं-गाठी दिसल्या तर हायडॅटिडचा विचार.

लिम्फॅन्जिओमा: बहुतेक लहान मुलांत. कवचालगत पाण्याच्या खोल्यांचा घोस, पडदे पातळ.

हिमॅन्जिओमा: यकृतातल्यासारखा कडेकडून आत ठिपक्याठिपक्याने भरत जाईलच असं नाही. पाणथरीत लहान हिमॅन्जिओमा एकदमच भरतो.

सँट: मध्ये पांढरा व्रण, त्यातून कडेला जाणारे आरे, बैलगाडीच्या चाकासारखे. टी-२ एमआरआयवर गडद दिसते. पेट-सीटीवर (जास्त साखर खाणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या स्कॅनवर) थोडी चमकते, म्हणून लिम्फोमा समजून घोळ होतो.

लिटोरल सेल अँजिओमा: बहुधा अनेक गाठी, उशिराच्या चित्रात आजूबाजूच्या पाणथरीइतक्याच उजळ होतात.

अँजिओसार्कोमा: वेड्यावाकड्या कडा, आत रक्तस्राव, आणि बऱ्याचदा यकृतातही गाठी. कवचाबाहेर रक्त दिसलं तर लगेच सर्जनला फोन करावा.

आपल्याकडचं महत्त्वाचं: पाणथरीत २ ते १० मिमीचे पुष्कळ काळे ठिपके, ताप, वजन घटलेलं, म्हणजे लिम्फोमाच असं नाही. क्षयरोगात अगदी असंच दिसतं. छातीचं सीटी आणि पोटातल्या लसिकागाठींचा मधला भाग मऊ पडलाय का, ते बघितल्याशिवाय रिपोर्टात एकच निदान लिहू नये.

अवचित सापडलेल्या गाठीबद्दल अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०१३ची शिफारस सोपी आहे. कॅन्सरचा इतिहास नाही, त्रास नाही आणि चित्र ठरावीक नाही, तर ६ आणि १२ महिन्यांनी एमआरआय. कॅन्सरचा इतिहास आहे आणि गाठ १ सेंमीच्या वर, तर पेट किंवा बायोप्सीचा विचार.

---

पारिजातक

डॉक्टर नाही, वाचक आहे. एक शंका. स्तनात गाठ आली की सुईने तुकडा काढतात. मग पाणथरीत सरळ पोट उघडून अख्खा अवयव का काढतात? आधी सुई का नाही?

---

सूक्ष्मदर्शी

पारिजातक, प्रश्न अगदी योग्य आहे. पाणथरी म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज, तिला भोक पाडलं की रक्त थांबणार नाही, ही जुनी भीती. ती पूर्ण खोटी नाही, पण वाटते तेवढी खरी राहिलेली नाही. १८ गेज किंवा त्याहून बारीक सुई वापरली तर गंभीर गुंतागुंत १ ते २ टक्क्यांत राहते. प्लेटलेट ५०,०००च्या वर, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप) १.५च्या खाली, श्वास रोखून एक किंवा दोनच वेळा सुई, बाहेर काढताना मार्गात जेलफोम (रक्त थांबवणारा, विरघळणारा स्पंज), आणि नंतर किमान ४ तास नाडी-रक्तदाबावर नजर.

सुई कधी घालू नये:
– हायडॅटिडची शंका असेल तर. आधी रक्ताची तपासणी आणि नीट सोनोग्राफी. पाणी सांडलं तर तीव्र ॲलर्जीचा झटका, शिवाय पोटभर नव्या गाठी.
– चित्रावरून अँजिओसार्कोमा वाटत असेल तर.
– गाठ कवचाला लागून फुगलेली, पातळ आवरणाची असेल तर.

लिम्फोमाचा संशय असेल तर सुई फार उपयोगाची. निदान सुईवर झालं तर पाणथरी काढायची वेळ बहुधा येतच नाही. पण रक्तवाहिन्यांच्या गाठींत सुईच्या तुकड्यावरून हिमॅन्जिओमा, हॅमार्टोमा, लिटोरल सेल यांतला फरक सांगणं कठीण. तुकडा एवढासा, आणि त्यात बरंचसं रक्तच.

आता सर्जन मंडळींना कळकळीची विनंती. पाणथरी काढली की ती अख्खीच्या अख्खी फॉर्मलिनच्या बादलीत टाकू नका. फॉर्मलिन आत झिरपत नाही. कवचाखालचे दोन-चार मिलिमीटर टणक होतात आणि मध्यभागी दुसऱ्या दिवशी चॉकलेटी चिखल मिळतो. पाणथरी फार लवकर सडते. असं करा:

१. ओलं, न बुडवलेलं, शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये पाठवा. आधी फोन करा.
२. वजन करा. बाहेरून फोटो. कवच फाटलंय का ते लिहा.
३. लांब सुरीने १ सेंमीच्या आडव्या फोडी. प्रत्येक फोड दोन्ही बाजूंनी बघायची.
४. फॉर्मलिनच्या आधी, गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा आरपीएमआय द्रवात (यात पेशी जिवंत राहतात) फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींची जात ओळखणारी तपासणी). दुसरा निर्जंतुक डबीत साध्या सलाइनमध्ये क्षयाच्या कल्चरसाठी आणि सीबीनॅटसाठी (क्षयजंतूची जनुकीय तपासणी). फॉर्मलिनमध्ये पडलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही.
५. मग उरलेलं १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, ऊतीच्या १० पट द्रव, फोडींच्या मधे टिपकागद.

कापलेल्या फोडीवर काही गाठी डोळ्यांनीच ओळखू येतात. सँटची फोड एकदा पाहिली की विसरत नाही: मधोमध चांदणीसारखा पांढराशुभ्र व्रण, आणि त्याच्या बोटांमध्ये अडकलेले काळपट तपकिरी गोळे. हॅमार्टोमा आजूबाजूच्या गरासारखाच लाल, फक्त फुगून वर आलेला. त्यात पांढरा गर नसतो.

इम्युनोचा, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखायच्या तपासणीचा, ढोबळ हिशेब: हॅमार्टोमात अस्तराच्या पेशी सीडी८ पॉझिटिव्ह. लिटोरल सेलमध्ये सीडी८ आणि सीडी३४ दोन्ही निगेटिव्ह, पण सीडी३१, सीडी६८, सीडी१६३ आणि सीडी२१ पॉझिटिव्ह. सँटमध्ये तीन तऱ्हेच्या वाहिन्या एकत्र सापडतात. अँजिओसार्कोमाचं निदान करण्याआधी स्लाइड दुसऱ्या जाणकाराला दाखवलीच पाहिजे. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पाठवून दुसरं मत घेता येतं. ब्लॉक हा रुग्णाचा हक्काचा ऐवज आहे, मागायला संकोच नको.

---

रक्तपेशी

सूक्ष्मदर्शींच्या लिम्फोमाच्या मुद्द्याला धरून. पाणथरी काढण्याआधी हे झालेलं असावं: सीबीसी, बोटाच्या रक्ताची स्लाइड, एलडीएच, रक्ताची फ्लो सायटोमेट्री, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि संशय असेल तर बोन मॅरो. ही यादी वगळून ऑपरेशन झालेलं असलं की वाईट वाटतं, कारण पुष्कळदा निदान हातातल्या रक्तातच असतं.

स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा (पाणथरीत संथ वाढणारा): पाणथरी मोठी, रक्तात झालरदार लिम्फोसाइट. एकेकाळी पाणथरी काढणं हाच उपचार. आता रिटुक्सिमॅब (बी-पेशी मारणारं औषध), ३७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, आठवड्याला एक असे ४ ते ८ डोस, बहुतेकांत उत्तम उतरते. हिपॅटायटिस सी असेल तर आधी त्याचाच इलाज. फ्रान्समधून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात अशा ९ रुग्णांना इंटरफेरॉन दिलं. ज्या ७ जणांच्या रक्तातून विषाणू गेला त्यांचा लिम्फोमाही ओसरला. आज इंटरफेरॉनची गरज नाही, गोळ्यांनी विषाणू जातो. पाणथरी काढायची ती औषध लागू पडलं नाही, ताण सहन होत नाही, किंवा निदानच होत नाही तेव्हा.

हेअरी सेल ल्युकेमिया: क्लॅड्रिबिन हे औषध. पाणथरी काढायची पाळी आता क्वचित.

डिफ्यूज लार्ज बी-सेल (वेगाने वाढणारा लिम्फोमा): निदान सुईने, उपचार केमोने. पाणथरी फुटली किंवा पू झाला तरच सर्जन.

आणि एक अगदी महत्त्वाचं. रिटुक्सिमॅब दिल्यावर किमान ६ महिने लशी नीट लागत नाहीत. पुढे कधीतरी पाणथरी काढावी लागेल अशी शक्यता असली तर लशी रिटुक्सिमॅबच्या आधी टोचून घ्या.

---

कर्तरी

आता मुख्य भाग, पूर्ण पाणथरी दुर्बिणीतून काढायची पद्धत. पहिली अशी शस्त्रक्रिया १९९१ साली पॅरिसमध्ये झाल्याचं प्रसिद्ध आहे. आज साध्या गाठीला आणि मध्यम आकाराच्या पाणथरीला हीच पद्धत. लांबी २० सेंमीच्या वर गेली की हात आत घालून करायची पद्धत किंवा उघडी शस्त्रक्रिया. अँजिओसार्कोमाची शंका असेल तर सरळ उघडी.

मांडणी: रुग्ण उजव्या कुशीवर, ४५ ते ६० अंश तिरका. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये टेबल मोडायचं म्हणजे जागा उघडते. पोटात वायूचा दाब १२ मिमी पारा. डाव्या बरगडीच्या कडेला समांतर ३ ते ४ पोर्ट, त्यांतला एक १२ मिमीचा, स्टॅपलरसाठी.

१. आधी नुसतं बघायचं. यकृत, पोटाचं आवरण, ओमेंटम (आतड्यांवरची चरबीची झालर), आणि जादा पाणथऱ्या. १० ते २० टक्के लोकांत एक-दोन असतात, बहुतेक नाभीपाशी किंवा स्वादुपिंडाच्या शेपटीजवळ.

२. खालच्या टोकापासून सुरुवात. मोठ्या आतड्याचं वळण पाणथरीला जिथे बांधलेलं असतं तो पडदा सोडवायचा. आतडं खाली पडलं की निम्मं काम मोकळं होतं.

३. जठर आणि पाणथरी यांच्यामधला पडदा, त्यातल्या आखूड जठरवाहिन्या. अल्ट्रासॉनिक उपकरणाचं पातं जठराच्या भिंतीला टेकता कामा नये. तिथे लागलेला चटका त्या दिवशी दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भोक पडतं आणि पोटात जठररस सांडतो. वरच्या टोकाला जागा अगदी चिंचोळी, तिथेच हे होतं.

४. मागची पिशवी उघडली की स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी जाणारी धमनी दिसते. ती इथेच क्लिप करायची, नाभीला हात लावण्याआधी. पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांत पाणथरी काळसर पडते, आक्रसते, धरायला मऊ होते. आतलं रक्त शिरेवाटे रुग्णाला परत मिळतं. रक्तवाहिन्यांच्या गाठीत ही पायरी वगळू नये.

५. मूत्रपिंडाकडचा मागचा पडदा सोडवताना पाणथरीवर १-२ सेंमीची झालर राखायची. धरायचं ते झालरीला. पाणथरीला ग्रास्परने चिमटा घेतला की कवच फाटतं. वरचा, श्वासपटलाकडचा बंध शेवटपर्यंत तसाच ठेवायचा. पाणथरी त्याला लोंबत राहते आणि नाभी समोर येते.

६. नाभीवर व्हॅस्क्युलर स्टॅपलर, पांढरी कार्ट्रिज, २.५ मिमीच्या पिना. सोडण्याआधी दोन्ही जबड्यांची टोकं पलीकडे दिसली पाहिजेत. स्वादुपिंडाची शेपटी सुमारे ७५ टक्के लोकांत नाभीपासून १ सेंमीच्या आत, ३० टक्क्यांत तर चिकटून असते. शेपटी जबड्यात आली की नंतर गळती. शंका असेल तर नळी ठेवा आणि तिसऱ्या दिवशी त्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) बघा. रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त म्हणजे गळती.

७. पाणथरी आतच पिशवीत. साध्या आजारात पिशवीत कुस्करून लहान छेदातून बाहेर काढतात. गाठीत हे करू नये. निदान नक्की नसताना कुस्करलं तर पॅथॉलॉजिस्टच्या हाती लगदा येतो आणि पिशवी फाटली तर पेशी पोटभर पेरल्या जातात. ओटीपोटावर ६-८ सेंमीचा आडवा छेद घेऊन अखंड बाहेर काढा. तो छेद लवकर भरतो, दुखतोही कमी.

लिम्फोमा किंवा सार्कोमा असेल तर नाभीपाशी फुगलेल्या लसिकागाठीही पाठवायच्या. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पाणथरीच्या पृष्ठभागावरची पुटं आणि आतल्या गरातली गाठ यांची नोंद वेगवेगळी करा, कारण गरातली गाठ म्हणजे टप्पा ४-ब, पृष्ठभागावरची ३-क.

जादा पाणथरीबद्दल: आयटीपीत (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) ती शोधून काढावीच लागते, नाहीतर आजार उलटतो. साध्या गाठीसाठी ऑपरेशन असेल आणि जादा पाणथरी निरोगी दिसत असेल तर राहू द्या. मात्र ती राहिली म्हणून लशी टाळता येत नाहीत.

---

शुद्धिहरण

भुलीकडून थोडक्यात. दोन जाड शिरा, रक्त जुळवून तयार. तोंडातून जठरात नळी घालून जठर रिकामं ठेवा, आखूड वाहिन्या तरच नीट दिसतात. मोठा हिमॅन्जिओमा प्लेटलेट खात असेल तर वरून दिलेल्या प्लेटलेट तिथेच अडकतात, म्हणून शक्यतो धमनी क्लिप झाल्यावर द्या. पाणथरीला भुलीत अकारण हलवलं तर फाटते, कुशीवर वळवताना ध्यानात असू द्या. नंतर डाव्या फुप्फुसाचा तळ हमखास बसतो. दुखणं आवरून पहिल्याच दिवशी बसवा, श्वासाचे व्यायाम तासातासाला.

---

बालशल्य

कर्तरींनी पूर्ण काढण्याची पद्धत दिली, म्हणून थोडी पाणथरी वाचवण्याबद्दल लिहितो. मुलांत हा प्रश्न सगळ्यांत मोठा. पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणा जंतुसंसर्ग होतो हे किंग आणि शूमॅकर यांनी १९५२ मध्येच दाखवलं होतं.

एपिडर्मॉइड सिस्ट, एका टोकाचा लिम्फॅन्जिओमा, एकट हॅमार्टोमा, टोकाचा हिमॅन्जिओमा, निदान पक्कं असलेली सँट: यांत अर्धवट काढणं जमतं. नाभीतली गाठ, अनेक गाठी, घातकपणाची शंका, लिटोरल सेल: यांत नाही.

हे जमण्याचं कारण रक्तपुरवठ्यात आहे. धमनी नाभीपाशी बहुतेक लोकांत दोन मुख्य फांद्यांत फुटते, वरची आणि खालची, आणि त्यांच्या उपफांद्या एकमेकींना फारशा जोडलेल्या नसतात. सीटी अँजिओवर फांद्यांचा नकाशा आधी काढून घ्या.

गाठीच्या टोकाकडची फांदी क्लिप केली की पाणथरीवर रेघ उमटते. अलीकडचा भाग गडद लालच राहतो, पलीकडचा जांभळट निळा पडतो. ती रेघ स्पष्ट व्हायला दोन-तीन मिनिटं थांबावं. मग कापायचं रेघेवर नाही, तर निळ्या भागात १ सेंमी आत. रेघेवर किंवा लाल भागात कापलं की रक्त थांबत नाही आणि अखेर सगळीच काढावी लागते. कापलेल्या तोंडावर उष्णतेने किंवा स्टॅपलरने, वर सेल्युलोजची जाळी.

किमान एक-चतुर्थांश पाणथरी, स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह, उरली पाहिजे. वरचं टोक राखायचं असेल तर आखूड जठरवाहिन्या तोडू नका. खालचं टोक राखलं तर उरलेला तुकडा मागच्या भिंतीला टाक्यांनी अडकवा, नाहीतर तो देठावर पीळ घेतो.

सिस्टचं नुसतं झाकण उडवून ठेवलं तर एपिडर्मॉइड परत भरते, कारण अस्तर आत राहतं. अस्तरासह तो भाग काढावा. हायडॅटिडला आधी काही आठवडे अल्बेंडॅझोल, १० ते १५ मिग्रॅ प्रति किलो रोज, दोन भागांत, तेलातुपाच्या जेवणाबरोबर. मधून यकृताच्या तपासण्या. ऑपरेशनच्या वेळी भोवती २० टक्के मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे.

---

सह्यवाट

ऑपरेशनच्या आधी पायातून नळी घालून रक्त बंद करतात असं ऐकलं. मग ऑपरेशनच कशाला?

---

कर्तरी

सह्यवाट, ते एम्बोलायझेशन. गाठीचा तो पूर्ण इलाज नाही. मोठ्या, रक्ताळ गाठीत किंवा २० सेंमीच्या वरच्या पाणथरीत ऑपरेशनच्या काही तास आधी धमनी बंद केली तर रक्तस्राव घटतो. पण पाणथरी आत मरायला लागते. कळा, ताप, कधी स्वादुपिंडाला सूज. म्हणून बंद करून दोन-तीन दिवस वाट बघत बसायचं नाही. धमनी ऑपरेशनमध्येच सहज हाती येणार असेल तर हा जादा खर्च आणि त्रास नको. गाठ फुटून रक्तस्राव चालू आहे आणि रुग्ण तग धरून आहे, तिथे मात्र वेळ मिळवून देणारं उत्तम साधन.

ऑपरेशननंतरच्या दोन गोष्टी राहिल्या होत्या.

प्लेटलेट वाढतात, साधारण दुसऱ्या आठवड्यात शिखर. १० लाखांच्या वर गेल्या तर ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ.

पोर्टल शिरेत गुठळी: पाचव्या ते चौदाव्या दिवशी बारीक ताप, मोघम पोटदुखी, आतडी सुस्त. "ऑपरेशन झालंय, दुखणारच" म्हणून ही हटकून सुटते. पाणथरी जितकी जड आणि लिम्फोमा असेल तितका धोका जास्त. एनॉक्सापॅरिन (गुठळी टाळणारं इंजेक्शन) ४० मिग्रॅ रोज, कॅन्सर असेल तर ४ आठवडे, आणि जोखमीच्या रुग्णात आठवड्याने डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). गुठळी सापडली तर किमान ३ महिने रक्त पातळ करायचं औषध.

आणि लिटोरल सेल निघाला तर फाइल बंद करू नका. या रुग्णांत मोठं आतडं, मूत्रपिंड, स्वादुपिंड इथे दुसरा कॅन्सर आढळल्याच्या पुष्कळ नोंदी आहेत. कोलोनोस्कोपी आणि पोटाचं सीटी करून घ्या.

---

वैनगंगा

गावपातळीवरच्या डॉक्टरांसाठी लिहिते. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, पण पुढची तीस वर्षं रुग्ण तुमच्या दवाखान्यात येणार असतो.

लशी, ठरवून करायच्या ऑपरेशनच्या किमान १४ दिवस आधी. तातडीने झालं तर १४ दिवसांनंतर.
– न्यूमोकोकल: पीसीव्ही-१३, ८ आठवड्यांनी पीपीएसव्ही-२३, ५ वर्षांनी पुन्हा पीपीएसव्ही-२३.
– मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय: ८ आठवड्यांच्या अंतराने दोन, मग दर ५ वर्षांनी.
– हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा-बी जंतूची): आधी घेतली नसेल तर एक.
– फ्लू: दरवर्षी.

एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. डिप्थेरिया टॉक्सॉइडला जोडलेली मेनिंगोकोकल लस पीसीव्हीबरोबर एकाच दिवशी देऊ नका, न्यूमोकोकलचा असर कमी होतो. ४ आठवडे अंतर ठेवा किंवा दुसऱ्या बनावटीची वापरा. बाटलीवरचं लेबल वाचा.

ताप: पाणथरी नसलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला की "दोन दिवस बघू" नाही. घरात ठेवलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचा पहिला डोस लगेच आणि थेट रुग्णालय. तिथे जमलं तर ब्लड कल्चर घ्या, पण त्यासाठी थांबू नका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून. सकाळी ताप आणि संध्याकाळी रक्तदाब न सापडणं, इतक्या वेगाने हा आजार जातो. पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका सर्वाधिक, पण तो आयुष्यभर संपत नाही.

मलेरिया: गडचिरोलीसारख्या भागात राहणाऱ्यांना दुप्पट जपावं लागतं. मच्छरदाणी, आणि प्रत्येक तापात रक्ताची स्लाइड.

कुत्रा चावला तर रेबीजच्या लशीइतकंच अँटिबायोटिकही महत्त्वाचं. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा हा जंतू पाणथरी नसलेल्यांना मारतो. जखम साधी दिसली तरी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट सुरू करा.

---

पारिजातक

अर्धी पाणथरी राखली तर ती काम करतेय हे कसं कळतं?

---

सूक्ष्मदर्शी

साध्या रक्ताच्या स्लाइडवर. तांबड्या पेशींतले केंद्रकाचे उरलेले कण पाणथरी खुडून काढते. ती नसली की तांबड्या पेशीत एक गोल, गर्द जांभळा ठिपका दिसतो, टाचणीच्या डोक्यासारखा. त्याला हॉवेल-जॉली कण म्हणतात. अर्धवट ऑपरेशननंतर ३ महिन्यांनी स्लाइडवर ते नसले आणि डॉप्लरवर तुकड्यात रक्त वाहतंय, तर तुकडा जिवंत आहे. पण कण नाहीत म्हणजे संरक्षण पूर्ण, असं धरू नये. लशी अर्धवटवाल्यांनाही.

उलट, पूर्ण काढल्यावर काही वर्षांनी कण नाहीसे झाले तर पोटात पाणथरीची रोपटी रुजली असू शकतात. ऑपरेशनमध्ये कवच फाटलेलं असतं तेव्हा हे होतं. सीटीवर ती कॅन्सरच्या गाठींसारखी दिसतात. तापवून इजा केलेल्या तांबड्या पेशींचा टेक्नेशियम स्कॅन केला की ती पाणथरीच आहे हे सिद्ध होतं आणि एक नको असलेलं ऑपरेशन टळतं. म्हणून कवच फाटल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर हवी.

---

सह्यवाट

वैनगंगाताई, रुग्णाने पाकिटात चिठ्ठी ठेवावी म्हणतात. तिच्यात नेमकं काय लिहायचं?

---

वैनगंगा

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद, प्लॅस्टिकमध्ये बंद. मराठीत आणि हिंदीत, परगावी गेल्यावर उपयोगी पडतं. मजकूर असा:

"माझी पाणथरी काढलेली आहे. तारीख ______. कारण ______. कवच अखंड / फाटलेले. ताप, थंडी, उलट्या किंवा गुंगी असल्यास ही आणीबाणी समजावी. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून ताबडतोब द्यावे, तपासणीच्या निकालासाठी थांबू नये. मलेरियाची स्लाइड घ्यावी. औषधाची ॲलर्जी: ______. रक्तगट: ______. घरचा फोन: ______."

मागच्या बाजूला लशींची नावं, दिलेल्या तारखा आणि पुढच्या डोसच्या तारखा. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, पण कागदही हवाच. रुग्ण बेशुद्ध असताना फोनचं कुलूप कोणी उघडणार नाही.